जाळीचा अंतरपाट

दोऱ्याची लड माझ्या दोन्ही मनगटांत अडकवलेली होती आणि बायको समोर पाटावर बसून गुंडा गुंडाळत होती. लातूरच्या घराची गच्ची, सकाळचं ऊन, शेजारी वाळत घातलेले सांडगे आणि त्यांच्यावर चिमण्यांसाठी पांघरलेली जुनी साडी. हे काम आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं केलं होतं. बोलायची काही गरज नसायची, पण ती बोलायचीच.

"हात खाली सोडू नका. दोरा गुततोय."

"माणूस हाय मी, खुंटी न्हाई."

"खुंटी बरी. तिला घडी घडी चहा लागत न्हाई."

आमच्या नातीचं, लेकीच्या लेकीचं, लग्न ठरलं होतं. नांदेडचं स्थळ. पोरगं बँकेत, सासू शाळेत बाई. सगळं पसंत पडल्यावर आजीनं जाहीर करून टाकलं की अंतरपाट मी विणणार, क्रोशाचा, मधे स्वस्तिक आणि खाली वेल. नात खूश. मला एकट्यालाच ते पटत नव्हतं.

"जाळीचा अंतरपाट कुठं असतो का? नवरदेव आरपार दिसंल."

"दिसू द्या. आमच्या टायमाला दिसला न्हाई, म्हून तर फसले."

ती हसली. मीही हसलो. गुंडा झाला, मी हात झटकले आणि खाली जाऊन चहा ठेवला. दुपारी ती पलंगावर विणकाम छातीवर घेऊन आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार? तिच्या बोटांतली सुई काढली, विणकामात तशीच अडकवली, सगळं टोपलीत घातलं आणि टोपली कपाटावर ठेवली. मग मुलीला फोन लावला.

मी चौथी शिकलेला माणूस. मला आडून बोलता येत नाही, म्हणून आधीच सांगतो. गडीमाणूस असून मला क्रोशा येतो. मला तो भूकंपामुळं शिकावा लागला.

औशाकडं आमचं गाव होतं. त्या पहाटे दगडमातीची घरं बसली. माझी आई गेली, धाकटा भाऊ गेला. मी वाचलो, पण उजव्या हाताची दोन बोटं दगडाखाली चेंगरली. पत्र्याच्या शेडात राहायला गेलो तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, बोटं हलवत राहा, नाहीतर लाकूड होतील. हलवायची कशी? नांगर नाही, बैल नाही, काम नाही. दिवसभर पत्र्याखाली भाजत बसायचं. बायांचं मन रमावं म्हणून बाहेरगावची एक बाई यायची आणि त्यांना क्रोशा शिकवायची. माझ्या बायकोनं तो दोन दिवसांत उचलला. तिसऱ्या दिवशी तिनं सुई माझ्या हातात दिली.

"गडीमाणसानं सुई धरायची?"

"नका धरू. लाकूड घेऊन फिरा मग."

धरली. शेडाच्या दाराला तरटाचा पडदा होता, त्याच्या आत बसून धरली. साखळी आली, खांब आले. क्रोशात उभ्या टाक्याला खांब म्हणतात. आमचे खरे खांब पडले होते, हे दोऱ्याचे उभे राहायला लागले. दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत, पण लाकूड झाली नाहीत.

त्याच शेडात आणखी एक गोष्ट झाली. चार खोल्या पलीकडची एक बाई तापानं गेली. तिचा लेकीसाठी विणायला घेतलेला रुमाल अर्धा राहिला होता. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, तिच्याबरोबर जाऊ द्या. माझी बायको म्हणाली, "अर्धं राहू द्यायचं न्हाई. लेकीनं काय अर्धा रुमाल वापरायचा का?" मग शेडातल्या प्रत्येक बाईनं त्याच्यावर एक एक ओळ विणली. पांढरा दोरा नेमका संपला होता, म्हणून पहिली ओळ निळी आली. नंतर पांढरा मिळाला, पण ती निळी ओळ कोणी उसवली नाही. बायकोनं तिला अर्थ लावून दिला. इथवर तिचा हात, इथून पुढं आपला. मेलेल्याच्या हातात आपला हात मिसळायचा नाही.

पुढं आम्ही लातूरला आलो. मी मार्केट यार्डात वजनकाट्यावर लागलो. हळूहळू एक जागा घेतली, खाली दोन खोल्या बांधल्या, वर चार. लातूरला तेव्हा झाडं कमी आणि क्लासचे बोर्ड जास्त झाले होते. परभणी, बीड, यवतमाळ, कुठून कुठून पोरी डॉक्टर व्हायला यायच्या आणि आमच्या वरच्या खोल्यांत राहायच्या. टेस्टमध्ये मार्क कमी पडले की जिन्यात बसून रडायच्या. बायको सुईदोरा हातात द्यायची. "एक ओळ विण, मग रड. मी बी बसते तुझ्यासंगं रडायला." ओळ संपेपर्यंत पोरगी रडायचं विसरून टाके मोजायला लागलेली असायची. त्यातल्या किती डॉक्टर झाल्या मला माहीत नाही. क्रोशा सगळ्यांना आला.

ह्याच पोरींनी तिला मोबाइल शिकवला आणि क्रोशाच्या ग्रुपात घातलं. ग्रुप भोकरच्या एका निवृत्त शिक्षिकेनं काढला होता. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. थोडीच माणसं होती, सगळी आपल्या भागातली. कोणी तोरण टाकायचं, कोणी झबलं टाकायचं. टाका चुकलेला असेल तर बाई शाळेसारखं बोलायच्या, "तिसऱ्या ओळीत डुलकी लागली का?" पण काम चांगलं असेल तर तेही सांगायच्या. उगाच फुलं आणि बदाम पाठवायची पद्धत नव्हती.

मीही तिच्या नावानं माझी कामं टाकायचो. लोक लिहायचे, ताई, सुरेख. ती मला हाका मारायची, "ओ ताई, आज लई कौतुक झालंय तुमचं. स्वयंपाकाचं काय?"

उदगीरची एक सभासद गेली तेव्हा बायकोनं शेडातली रीत ग्रुपात सांगितली. बाईंनी ती नियमच करून टाकली. सभासद वारली तर तिचं राहिलेलं काम सगळ्यांनी एक एक ओळ करून पुरं करायचं, पहिली ओळ रंगीत. पुडकं एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचं, गाडीचा नंबर ग्रुपात टाकायचा, आणि ज्या गावची पाळी तिथल्या बाईनं स्टँडवर उभं राहायचं. अशी कितीतरी कामं पुरी झाली. एकही पुडकं कधी हरवलं नाही. आमच्याकडं पुडकं यायचं तेव्हा बायको हातपाय धुऊन मगच सोडायची.

मग बाईंची नजर अधू झाली. त्यांनी ग्रुप एका तरुण बाईच्या हाती दिला. ही हुशार होती, व्हिडिओ करायची. बघता बघता हजारो माणसं झाली. रोज स्पर्धा, रोज विजेती, रोज शुभ सकाळ. फी भरून शिकायचे वर्ग निघाले. मशिनवरची तोरणं हातची म्हणून खपायला लागली. नव्या बायका वाईट नव्हत्या. त्यांना पोट होतं आणि हातात कला होती, त्यांनी दुकान मांडलं. पण जुन्या माणसांना दुकानात बसवत नाही. एक एक करून ती गप्प झाली. बायको रोज उघडून बघायची, खाली खाली सरकवायची, ओळखीचं कोणी दिसलं नाही की मोबाइल उशाखाली ठेवायची. मी म्हणायचो, सोड की मग. ती म्हणायची, "घर बांधलेल्यानं आधी निघू नये."

तेराव्याच्या दिवशी घर भरलं होतं. गुरुजींनी कलशाला गुंडाळायला पांढरं सूत मागितलं. माझी थोरली वहिनी, पंचाहत्तरीची, कपाटावरची टोपली तिला दिसली. पांढरा दोरा दिसला, तिनं हाताला येईल ते टोक धरलं आणि ओढलं. सुई खाली पडली. क्रोशाचं असं असतं की शेवटचा एक टाका सुटला की पुढचे सगळे माळ तुटल्यागत सुटतात. वहिनी ओढत गेली, कलशाला गुंडाळत गेली. मुलगी किंचाळली तेव्हा मी आत आलो. खालची वेल गेली होती. स्वस्तिकाचा खालचा पाय गेला होता.

वहिनी बिचारी रडायला लागली. "भाऊजी, मला वाटलं नुसता दोरा हाय."

"वहिनी, रडू नका. तुम्ही तिला कलशाला बांधलं, वंगाळ जागी न्हाई बांधलं."

बोललो खरं. पण आत काहीतरी तुटलं. माणूस गेला त्याला इलाज नव्हता. पण तिनं विणलेलं माझ्या डोळ्यांदेखत उसवावं? लग्न तोंडावर आलं होतं. मी त्याच दिवशी ठरवलं, हा अंतरपाट पुरा होणार आणि तिच्याच रीतीनं होणार. जिनं सगळ्यांची अर्धी कामं पुरी करायची रीत घातली, तिचंच अर्धं राहिलं तर त्या रीतीला काय अर्थ?

मी तिच्या मोबाइलवरून ग्रुपात लिहिलं. एका बोटानं लिहायला मला सकाळ लागली. अंतरपाटाचा फोटो टाकला, काय झालं ते टाकलं, जुन्या नियमाप्रमाणं एक एक ओळ करून द्या म्हणून विनंती केली.

दुपारपर्यंत उत्तरांचा ढीग. "ताई, खूप सुंदर!" "ताई, पॅटर्न मिळेल का?" "ऑर्डरसाठी मेसेज करा, पंधरा दिवसांत घरपोच." एकीनं टाळ्या वाजवणारे हात पाठवले. एकीनं लिहिलं, "ताई, तुमच्या भावना समजू शकते, काळजी घ्या, गरम पाणी प्या." बायको मेली आणि गरम पाणी प्या.

मी लिहिलं, "मी ताई न्हाई. ताईचा नवरा हाय. ताई वारल्या."

संध्याकाळी बघतो तर माझं सगळं लिहिणं गायब. वरून एक सूचना आली होती. ग्रुपचं वातावरण सकारात्मक ठेवायचं आहे, दुःखद पोस्ट टाकू नयेत, सहकार्याबद्दल धन्यवाद. मुलीनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी तिला दोनदा वाचायला लावलं.

"दादा, जाऊ द्या ना. मी नवीन अंतरपाट आणते बाजारातून. चांगले मिळतात, जरीचे."

"जरीचा आण. माझ्या तिरडीवर टाकायला होईल."

"असं कामून बोलता?"

"मग कसं बोलू?"

ती रुसून आत गेली. खरं तर तिलाही तो अंतरपाट हवाच होता, पण बापाचं तोंड तिला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. करडा आवाज. "भोकरहून बोलतेय. कोण?"

मी ओळखलं. "बाई, मी तिचा मालक."

"समजलं. हिमायतनगरची आपा अजून ग्रुपात आहे, तिनं तुमचं लिहिलेलं वाचलं होतं, काढून टाकायच्या आधी. तिनं मला सांगितलं. तुम्हाला सुई धरता येते?"

"येते."

"तोरणं, रुमाल, ते चौकडीचं पांघरूण, ताईंच्या नावानं आलेलं. त्यातलं तुमचं कोणतं?"

"पांघरूण माझं."

"मला तेव्हाच वाटायचं. एका ताईचे टाके घट्ट आणि कधी कधी त्याच ताईचे सैल. दोन हात आहेत म्हटलं. मग भाऊ, अडलंय कुठं? ग्रुप गेला तर गेला. माणसं आहेत. पांढरा दोरा तोच घ्या, पहिली ओळ रंगीत. स्वस्तिक तुम्ही उभं करा, मग नायगावच्या आपल्या जुन्या सभासदाकडं पाठवा. नायगावहून हिमायतनगरला जाईल. मी करणार नाही, मला दिसत नाही. पण मी ओरडणार."

मी निळा दोरा आणला, जिथवर तिचा हात शाबूत होता तिथं जोडला आणि निळी ओळ घातली. ह्या वेळी पडद्याआड नाही बसलो. वरच्या पोरी क्लासला जाताना जिन्यात थांबून बघायच्या, त्यांच्यासमोरच बसलो. मग स्वस्तिकाचा पाय. वरचा पाय समोर होता, मी तो पाण्यात पडलेल्या सावलीसारखा खाली उतरवला. पुडकं बांधलं आणि नायगावकडं जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिलं. गाडी हलली तेव्हा काळीज हललं. नंबर टाकायला ग्रुप नव्हता, म्हणून नायगावच्या बाईला फोनवर सांगितला.

नायगावची बाई पिठाची गिरणी चालवते. तिचा संध्याकाळी फोन, मागं गिरणीचा आवाज.

"काका, पुडकं आलं. पण स्वस्तिकाचा पाय उलटा वळलाय."

"वरच्यासारखाच घातलाय."

"वरच्यासारखा न्हाई लागत. वरचा उजवीकडं वळला तर खालचा डावीकडं वळायला पाहिजे. दारावरचं बघा की."

दारावर बायकोनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं. बघितलं. रोज त्याच्याखालून जातो, कधी बघितलं नव्हतं. माझ्या तोंडातून शिवी गेली.

"मला दिली का?" तिकडून हसणं.

"मला दिली, माय. उसव आणि पाठव."

"निळ्यापर्यंत उसवते. निळी ठेवते."

पुडकं परत आलं, मी पाय नीट वळवला आणि पुन्हा पाठवलं. नायगावच्या बाईनं वेलीची पहिली ओळ घातली. हिमायतनगरच्या आपानं दुसरी. आपाचा फोन आला तो बोल लावायलाच आला.

"चाचा, तुमचे टाके लई ढिल्ले. ताई का हात कसा घट्ट, और तुमचा ऐसा जैसे खाट की रस्सी."

"दोन बोटं मिटत न्हाईत, आपा."

"तो बोटां को नको बोलो, सुई को बोलो. एक नंबर बारीक सुई लेव."

पुडकं परत आल्यावर वेलीच्या उरलेल्या ओळींसाठी बारीक सुई घेतली. टाके आवळले, पण आधीच्या सैल ओळी तशाच राहिल्या. खालचा भाग वरच्यापेक्षा रुंद झाला आणि त्याला लाटा आल्या. उसवायला आता वेळ नव्हता. मी म्हटलं, राहू दे. वरती ती ताठ, खाली मी ढिला. संसारही तसाच झाला होता आमचा. शेवटचा टाका घातला, दोरा कापला, टोक आत लपवलं. मुलीनं हळदीच्या गडबडीतच त्याच्या वरच्या कडेला धरायला पट्टी शिवली आणि तो घडी घालून पेटीत ठेवला.

नांदेडला मंगल कार्यालयात गर्दी मरणाची. भोकरच्या बाई आल्या, हातात काठी. नायगावची बाई आली, आपा आली. तिघींना मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. बाई माझ्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या, आवाजावरून मला पहिलवान वाटल्या होत्या.

मुहूर्त जवळ आला. नवरदेव पाटावर उभा राहिला, मामाच्या नात्यानं वहिनीच्या मुलानं नातीला आणलं आणि आम्ही अंतरपाट धरला. एक टोक माझ्या हातात, दुसरं नवऱ्याच्या काकाच्या. गुरुजींनी मंगलाष्टकांसाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

"हे चालणार नाही. आरपार दिसतंय."

मंडपात कुजबुज. कोणीतरी म्हणालं, मागून शाल धरा. नवऱ्याच्या काकानं हातातलं टोक खाली सोडायला सुरुवात केली.

"सोडायचा न्हाई," मी म्हणालो. जोरात म्हणालो असणार, कारण बँडवाला थांबला.

"अहो आजोबा, अंतरपाटाचा अर्थच असा आहे की दोघांनी एकमेकांना बघायचं नाही."

"गुरुजी, दोघंजण वर्षभर मोबाइलवर एकमेकांला बघायलेत. आज जाळीनं काय बिघडतंय?"

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. मग नवऱ्याची आई, शाळेतली बाई, पुढं आली. तिनं अंतरपाट हातात घेऊन बघितला. निळ्या ओळीवर बोट ठेवलं. तिला ती गोष्ट माझ्या मुलीनं सांगितली होती.

"गुरुजी, हाच धरायचा," ती म्हणाली. "दोघं डोळे मिटतील. काय रे?"

"हो आई," पोरगं म्हणालं.

"मिटले?"

"मिटले."

"खोटं बोलतोय," आमची नात म्हणाली, "उघडेच आहेत."

"तुला कसं कळलं गं?" भोकरच्या बाई मागून ओरडल्या.

सगळा मंडप हसला. गुरुजीसुद्धा हसले आणि त्यांनी सूर लावला. मी अंतरपाट उंच धरला. मंगलाष्टकं संपेपर्यंत टोक सोडलं नाही. वरती तिचं काम, ताठ, काटकोनात. मधे निळी ओळ. खाली आम्ही सगळे, लाटा लाटा. कोणीतरी बाई शेजारणीला म्हणाली, खालची झालर किती सुरेख सोडलीय बघ. आपानं मला कोपरानं ढोसलं. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, आणि माझ्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की मुलगी दचकून बघायला लागली. जिंकलो होतो. कोणाविरुद्ध ते विचारू नका. पण जिंकलो होतो.

जेवणं झाल्यावर मी कार्यालयाच्या पायरीवर बसलो आणि मुलीला म्हणालो, तुझ्या आईचा मोबाइल काढ. अंतरपाटाचा फोटो ग्रुपात टाक आणि मी सांगतो ते लिही. ती लिहीत गेली.

"मी ताई न्हाई, हे मागं सांगितलं होतं. हा अंतरपाट ताईंचा. निळ्या ओळीच्या वर त्यांचा हात. खाली त्यांच्या माणसांचे हात. विकायचा न्हाई. पॅटर्न मिळणार न्हाई. ह्या ग्रुपानं तिला लई सुख दिलं, ते मी विसरणार न्हाई. तुम्ही नव्या बाया कष्ट करता, तुमचं दुकान चांगलं चालो. पण मेलेल्या माणसाला दुःखद पोस्ट म्हणू नका. आम्ही चाललो. राम राम."

"आता ग्रुप सोड," मी म्हणालो.

तिचं बोट थांबलं. "दादा, आईचं नाव निघून जाईल तिथून."

"नाव राहू देऊन काय करायचं? ती तिथं न्हाई. ती आज मांडवात होती, तू बघितलंस."

"आई म्हणायची, घर बांधलेल्यानं आधी निघू नये."

"आधी कुठं निघालो? सगळ्यांच्या मागून निघालो. शेवटचं काम उरकून निघालो."

तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि बटण दाबलं. मोबाइलवर ती यादी होती तिथं पांढरं झालं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं. आम्ही उठून मठ्ठा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. भोकरच्या बाईंची गाडी पलीकडं लागायची होती. त्या माझ्याजवळ बाकावर येऊन बसल्या आणि पिशवीतून एक पुडकं काढलं. पाळण्यावर टाकायचं पांघरूण, पणतवासाठी घेतलेलं, निम्म्यावर थांबलेलं.

"भाऊ, एवढं पुरं करा. मला जाळीची घरं दिसत नाहीत आता."

"बाई, रीत मेलेल्या माणसाची हाय. तुम्ही तर धडधाकट."

"मग मी मरायची वाट बघता का? तोवर पोरगं शाळेत जाईल."

मी पुडकं घेतलं. त्यांनी हिरवा दोरा आधीच आत ठेवला होता. त्यांची गाडी आली, काठी टेकत त्या चढल्या आणि वरून ओरडल्या, "टाके घट्ट!" सगळा स्टँड माझ्याकडं बघायला लागला. बघू द्या.

माझी गाडी लागली. खिडकीशी बसलो, चष्मा पुसला, हिरवा दोरा जोडला आणि ओळ सुरू केली. शेजारचा फेटेवाला माझ्या हाताकडं बघत राहिला. शहर मागं पडेपर्यंत अर्धी ओळ झाली. कंडक्टर आला.

"बाबा, कुठं?"

"लातूर. पण जरा दम धर, खांब मोजतोय. चुकलं की उसवावं लागतंय."

तो दांडीला धरून थांबला.